बाटलीभाऊ

डोळ्यांच्या दवाखान्यात मला नापास केलं. मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनची तारीख ठरली होती, नंतर घालायचा काळा चष्मासुद्धा मी गुलमंडीवरून घासाघीस करून आणून ठेवला होता. आदल्या दिवशी रक्त तपासलं आणि तिथले डॉक्टर म्हणाले, "आजी, डोळ्याचं नंतर बघू. आधी लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा. हिपॅटायटिस सी निघालाय."

मला राग आला. दुखणं डोळ्याचं आणि हे मला धाडतायत पोटाच्या डॉक्टरकडं. मुलगी सोबत होती, तिचा चेहरा उतरला होता. मी तिला म्हटलं, "तू कशाला तोंड पाडतीस? माझा चष्मा वाया गेला."

लिव्हरचे डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "दारू वगैरे घेता का?" मी सांगितलं की मी धनगराची लेक आहे, दूध पिते, ताक पिते आणि चहा जरा जास्त पिते. मग त्यांनी विचारलं, "पूर्वी कधी रक्त चढवलं होतं?"

"चढवलं ना," मी म्हटलं. "मला बाटलीभाऊच आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "म्हणजे त्यांच्यासोबत बसून कधीमधी…?" मुलगी तेवढ्या टेन्शनमध्येसुद्धा हसली. मग तिनंच त्यांना सांगितलं, बाटली रक्ताची होती.

हा शब्द माझ्या सासूनं काढलेला. तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या शब्दानं आमच्या घराची गल्लीत जेवढी बदनामी केली तेवढी कुणा दारुड्यानंही केली नसती, पण त्यासाठी आधीचं सांगावं लागेल.

आमचं गाव बिडकीनच्या पुढं. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. माझे यजमान, ज्यांना आमच्याकडं मालक म्हणतात, ते चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत प्रेसशॉपमध्ये, पत्रा कापायच्या मशीनवर, कामाला लागले. तेव्हा शहरात रोज नवी शेड उभी राहत होती आणि गावोगावची पोरं मेंढरं सोडून मशीनवर उभी राहत होती. मुकुंदवाडीत आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आत्याबाई येताना एक शेळी घेऊन आल्या. घरमालक कुरकुरला तर म्हणाल्या, "पोरगा यंत्रावर गेला, मी बी काय यंत्राचं दूध पिऊ?"

मालकांच्या शेजारच्या मशीनवर एक जण होता. पहिली पाळी असली की सायकलवर यायचा, बाहेर लिंबाखाली उभा राहून घंटी वाजवायचा आणि दोघं मिळून जायचे. त्याची वस्ती वेगळी, जात वेगळी, खालची समजली जाणारी. दाराबाहेरच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप पालथा ठेवलेला असायचा. मी वरून चहा ओतायची, तो प्यायचा, नळावर कप विसळायचा आणि परत पालथा घालायचा. त्या काळी त्यात कुणाला काही वाटत नव्हतं असं लोक सांगतात. ते खोटं आहे. त्याला वाटत असणार, आणि मला त्याच्याकडं बघवत नसे, म्हणजे मलाही वाटतच होतं.

ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून शहर दुभंगलं होतं आणि खेड्यापाड्यांत तर त्याहून वाईट चालू होतं. कंपनीच्या कँटीनमध्ये दोन बाजूंना दोन टोळकी बसायची. मालक म्हणायचे, प्रेसचं मशीन बोट घेताना जात विचारत नाही, तेव्हा तिथं सगळे एकमेकांकडं लक्ष देऊन काम करतात. आत्याबाईंना या भानगडीतलं काही पटत नव्हतं. "इद्यापीठाचं नाव बदलून भाकर गोल व्हती का?" असं त्या त्याला तोंडावर विचारायच्या. तो चहाचा घोट घेऊन म्हणायचा, "मावशी, भाकर गोलच हाय. ती कुणाच्या हातची खायाची, तेवढंच ठरवायचं हाय."

माझं बाळंतपण आलं ते नेमकं बंदच्या दिवशी. दुपारी मुलगी झाली आणि त्यानंतर रक्त थांबेना. मला आठवतं ते एवढंच की उन्हाळा असून मला थंडी वाजत होती आणि आत्याबाई माझे पाय चोळत होत्या. डॉक्टरीणबाईंनी मालकांना सांगितलं, रक्त द्यायला माणसं आणा. ते स्वतः बाही वर करून उभे राहिले, पण आदल्या वर्षी त्यांना कावीळ झाली होती म्हणून त्यांचं घेतलं नाही. गावाकडून कुणी यावं तर एसटी बंद. मालक तसेच पायी निघाले आणि मोर्चात शिरून त्यांनी त्याला शोधून काढलं. घोषणा देऊन देऊन त्याचा आवाज बसला होता. काय झालं ते ऐकलं आणि हातातला झेंडा शेजारच्याकडं देऊन तो निघाला.

त्यानं रक्त दिलं. थोड्या वेळानं माझ्या खाटेशेजारी काचेची बाटली उलटी टांगली गेली. आत्याबाईंनी लेकाला विचारलं, "कुणाचं हाय?" लेकानं नाव सांगितलं. ते ऐकून आत्याबाई परत माझे पाय चोळायला लागल्या.

मी बाळाला घेऊन घरी आले त्या दिवशी तो बघायला आला आणि सवयीनं लिंबाखाली उभा राहिला. आत्याबाई पितळी तांब्या घेऊन बाहेर गेल्या, त्याच्या हातात दिला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "ज्याचं रगत घरात आलं, त्याचं पाणी कामून भाईर? आत ये." तो आत आला. बाजेवर बसला. पाणी पिताना तो एकसारखा दाराकडं बघत होता, हे मी आतून बघितलं. त्या बिनकानाच्या कपातून आत्याबाई पुढं शेळीला औषध पाजायच्या.

गावाकडचे पाहुणे आले की भुवया चढायच्या. आत्याबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं, "रगत घेताना इचारलं नव्हतं, आता पाणी देताना काय इचारू?" मला सख्खा भाऊ नाही. त्या दिवाळीत आत्याबाईंनीच पाट मांडला आणि मला म्हणाल्या, "ओवाळ. आजपासून ह्यो तुझा बाटलीभाऊ." तेव्हापासून एकही भाऊबीज चुकली नाही. तो मला ताई म्हणू लागला, माझ्या मुलीचा तो मामा झाला. पण गल्लीतल्या नव्या भाडेकरणी आल्या की कुजबुज व्हायची, एवढी सोज्वळ बाई आणि हिचा बाटलीभाऊ येतो. आत्याबाईंना ती गंमत इतकी आवडायची की त्या मुद्दाम दारातून हाक मारायच्या.

पुढं विद्यापीठाचं नाव बदललं, तेव्हा तो पेढे घेऊन आला. आत्याबाईंनी पहिला उचलला. म्हणाल्या, "इद्यापीठात मी काय जात नाय. पेढा खाते." नंतर काही वर्षांनी त्या गेल्या. खांदा द्यायला तोही होता आणि तेव्हा कुणी भुवई चढवली नाही.

तर ती बाटली. डॉक्टर म्हणाले, त्या काळात या आजाराला नावसुद्धा नव्हतं, रक्तात तो तपासायची सोय कुठून असणार. काहींच्या अंगातून हा विषाणू आपोआप निघून जातो, पण बऱ्याच जणांच्या लिव्हरमध्ये घर करून राहतो. दुखत नाही, खुपत नाही. वीस-तीस वर्षं लिव्हरला बारीक बारीक जखमा होतात, त्या भरतात, भरलेल्या जागी वण राहतो, आणि वणावर वण साचून लिव्हर कडक होत जातं. पुढं कुणाच्या पोटात पाणी होतं, कुणाला रक्ताची उलटी होते, कुणाला गाठ होते. तोवर माणसाला पत्ता नसतो.

मला हे कळायला अवघड गेलं नाही. आमच्या घरी मेंढरू कापलं की माझा बाप आधी काळीज, म्हणजे हेच लिव्हर, हातात घेऊन बघायचा. एखादं मेंढरू शेवटपर्यंत चांगलं चरलेलं असायचं आणि काळीज मात्र निबर, पांढुरक्या रेघांचं निघायचं. बाप म्हणायचा, काळीज बोलत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "माझं किती निबर झालंय?" ते म्हणाले, बरंच, पण दगड झालेलं नाही, गाडी अजून परत फिरवता येईल.

मग मागच्या वर्षांचा एकेक हिशेब लागत गेला. भाकरी थापता थापता मधेच बसावं वाटायचं. तळहात लाल दिसायचे, तर शेजारीण म्हणायची, काय मेंदी लावली का. अंग खाजायचं, घोट्यावर सूज यायची. मालक म्हणायचे वय झालं, बायका म्हणायच्या बाईचं दुखणं, आणि मी शहागंजातल्या एका वैद्याकडून शक्तीचं चाटण आणून तीन बाटल्या संपवल्या. मी आळशी झाले असं मला स्वतःला वाटायचं. आळशी नव्हते हे साठी उलटल्यावर कळलं, आणि खरं सांगते, आजाराचं नाव कळल्यावर त्यातल्या त्यात मला बरंच वाटलं.

गोळी होती. रोज एक, तीन महिने, सरकारी दवाखान्यात फुकट. पूर्वी यावर सुया होत्या, वर्षवर्ष घ्याव्या लागायच्या आणि सगळ्यांना लागूही पडायच्या नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मुलीचं आणि मालकांचं रक्त तपासलं, दोघांचं चांगलं आलं. मी सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते तोच मुलगी म्हणाली, "आई, मामाला सांगायला पाहिजे."

तिथं माझा जीव अडकला. बाटली त्याची, म्हणजे आजार त्याच्यात आधी. माझ्याइतकीच वर्षं त्याचंही लिव्हर आतून निबर होत असणार, आणि मला गोळी मिळाली, त्याला कुणी सांगितलंच नाही. गेल्या वर्षभरात तो वाळला होता, शर्ट अंगावर लोंबायचा. हे डोळ्यांपुढं यायचं आणि मी फोन उचलायची. पण बोलायचं काय? तुझ्या रक्तातून मला रोग आला? ज्या माणसाला अर्धं आयुष्य लोकांनी सावलीवरून हटकलं, त्याला मी, त्याची बहीण, हे सांगणार? मी फोन खाली ठेवायची. मालकांना विचारलं तर ते नेहमीसारखे भिंतीकडं बघत म्हणाले, "दिवाळीत येईलच की." दिवाळी दीड-दोन महिन्यांवर होती. आमच्या मालकांना घाई कशी ती माहीतच नाही.

त्यात मी आणखी एक करत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एका ताटात जेवल्यानं, उष्ट्यानं, शिवल्यानं हा पसरत नाही, रक्त रक्ताला लागलं तरच. पण डॉक्टरांना काय जातंय सांगायला, त्यांच्या घरी माझे नातू नव्हते. मी माझा कप वेगळा केला. खिडकीत पालथा ठेवायची, स्वतः विसळायची, कुणाला हात लावू द्यायची नाही.

भाऊबीजेला तो आला. मी पाट मांडला, निरांजन लावलं. ओवाळून झाल्यावर चहा केला. त्याचा त्याला दिला आणि खिडकीतला माझा घेतला. तो बघत होता. चहा प्यायले, कप विसळला, परत पालथा घातला. त्यानं स्वतःचा भरलेला कप तसाच खाली ठेवला.

"ताई, ह्यो कप कुणाचा?"

"माझा."

"आन् असा भाईर कामून?"

वेगळ्या कपाबद्दल त्याला काही सांगायची गरज नव्हती. मी रडले, आणि रडता रडता सगळं सांगितलं. मोतीबिंदू, रक्त, लिव्हर, गोळ्या. शेवटी म्हटलं, "भाऊ, तुला दोष देत नाही मी. तू दिलंस म्हणून मी जगले. पण तू उद्याच्या उद्या तपासून घे. तू किती वाळलास, माझा जीव थाऱ्यावर नाही."

तो आधी गोंधळला, मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याचा अर्थ मला लागेना. भीती नव्हती, रागही नव्हता. चोरी पकडल्यासारखा तो मालकांकडं बघायला लागला. मालक भिंतीकडं.

"ताई," तो म्हणाला, "वाळलो ते शुगर निघाली म्हणून. भात सोडलाय, रोज चालतो. आन् ती बाटली माझी नव्हती."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"माझं रगत घेतलं, ते आत नेऊन ठेवलं. मंग आतून दुसरी बाटली काढून दिली. तसाच कायदा व्हता तिथला. आपण एक द्यायची, ते आपल्याला लागंल ती देनार. माझा गटच तुझ्यासंगं जमत नाय." त्यानं डोळे पुसले. "मी मावशीला सांगनारच व्हतो. पर तिनं तांब्या हातात दिला. आत ये म्हणाली. मंग कसं सांगू ताई, की ते माझं नाय म्हणून?"

मला काय झालं ते मलाच कळेना. मी हसायला लागले. इतके दिवस छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलून बाहेर नेऊन ठेवला होता. त्याला काही झालेलं नाही, त्याच्यामुळं मला काही झालेलं नाही, कुणा अनोळखी माणसाचं रक्त, त्या बिचाऱ्यालाही माहीत नसणार. मी त्याला म्हटलं, "म्हणजे इतकी वर्षं तू खोटा बाटलीभाऊ होतास?" तो म्हणाला, "व्हय. ओवाळणी परत देऊ का?" मग तो उठला, खिडकीतला माझा कप घेतला, त्यात स्वतःचा उरलेला चहा ओतला आणि पिऊन टाकला. मी ओरडले तर म्हणाला, "शिकलेलं कोण हाय, डॉक्टर का तू?" तो कप त्या दिवसापासून बाकीच्या कपांत गेला, आता ओळखूही येत नाही.

तरी मी त्याला तपासायला लावलंच. चांगलं आलं.

गोळ्या संपल्या. त्यानंतर आणखी तीन महिने थांबून परत रक्त द्यायचं होतं, तेव्हा खरा निकाल. निकालाच्या दिवशी मालक आणि भाऊ दोघंही सोबत आले. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "आजी, विषाणू नाही. पास झालात." लिव्हरवरचे जुने वण काही दिवसांत जाणार नाहीत, थोडे मऊ पडतील, सहा महिन्यांनी सोनोग्राफीला येत राहायचं, आणि हो, आता डोळा करून घ्या. मी त्यांना म्हटलं, चष्मा घरी तयार आहे.

दवाखान्यासमोरच्या टपरीवर आम्ही बसलो. उन्हं उतरली होती, कंपन्यांच्या बस पाळी सुटून चालल्या होत्या. अंग हलकं वाटत होतं आणि कधी नव्हे ते मी दोन भजी जास्त मागवली. भाऊ खुशीत होता. चहाचा ग्लास फिरवत म्हणाला, "मावशी असती आन् तिला खरं कळलं असतं, तर मला पयलं उचलून लिंबाखाली उभं केलं असतं." तो हसत होता, पण पुरता हसत नव्हता.

मालक भजं खात होते. तोंडातला घास संपवून ते म्हणाले, "आईला ठाऊक व्हतं."

मी भज्यांची ताटली त्यांच्यापुढून बाजूला ओढली. "कसं काय?"

"मला बी मागाहून कळलं, मंग मीच सांगितलं. ही दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या दिवशी. आई, ती बाटली त्याची नाय म्हणून."

"मग?" मी विचारलं. "काय म्हणाल्या?"

"म्हणली, गप बस, कुणाला बोलू नगं. त्याच्या अंगातून तर निघालं ना? मंग कुणाच्या का अंगात जाईना." मालकांनी हात पुसला. "आन् म्हणली, त्या पोराला भाईर चहा देऊन माझाच घास उतरत नाय. भावकीला सांगायला मला कायतरी पायजेच व्हतं."

म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. जिच्या अंगात बाटली गेली, तिला सोडून. मी हे बोलणार होते, मालकांना चांगलं झापणारही होते, पण तेवढ्यात भाऊकडं बघितलं. त्यानं ग्लास बाकावर ठेवला होता आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत होता.

"आन् मी," तो म्हणाला, "मावशी जाईस्तोवर तिच्या घरचं पाणी भीत भीत पेलो."